नाकापेक्षा मोती जड : स्पोर्ट्स कारमागे ट्रेलर लावायच्या आधी

माझ्या हत्यारांच्या कपाटात वरच्या फळीवर ॲल्युमिनियमचा एक तुकडा पडलेला असतो. तळहाताएवढा. एका स्पोर्ट्स कारच्या मागच्या बंपरच्या आत जो आडवा बीम असतो, त्यातून कापून काढलेला. त्याला दोन भोकं आहेत. एक बारा मिलिमीटरचं, ड्रिलने पाडलं तसंच्या तसं गोल. दुसरं ताणून अंड्यासारखं झालंय आणि त्याच्या कडेचा धातू चुण्या पडून वर आलाय. कुणी ‘दादा, माझ्या गाडीमागे ट्रेलर लावायचाय, हिच कुठला घेऊ?’ म्हणत आलं, की मी आधी हा तुकडा त्याच्या हातात ठेवतो आणि त्या दुसऱ्या भोकातून बोट फिरवून बघ म्हणतो.

गाडी माझीच होती. दोन दारं, दोन सीट, १,३२० किलो, ड्राइव्ह मागच्या चाकांना. हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायला गाडीमागे बसवतात तो बॉलवाला जोड, बसवला होता सायकलींच्या कॅरिअरसाठी. बसवणाऱ्याने ‘छोटा ट्रेलर काय, आरामात जाईल’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि मला नेमकं तेच ऐकायचं होतं. मागे लावला एका ॲक्सलचा ट्रेलर, भरून ९४० किलो. पुढचं सांगतोच, पण ओळीने.

हॉर्सपॉवरचा भ्रम

‘चारशे हॉर्सपॉवर आहे दादा, ट्रेलर मागे आहे हे गाडीला कळणारसुद्धा नाही.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडलं की मला ते पुढचं पाठ असतं. त्यावर माझं उत्तर ठरलेलं. १९८० च्या दशकातली लँड रोव्हर नाइंटी आठवा. अडीच लिटरचं साधं डिझेल इंजिन, जेमतेम सत्तर हॉर्सपॉवर. ती साडेतीन टनांचा ब्रेकवाला ट्रेलर ओढायची. चढावर रडत-रखडत, पण ओढायची. आणि आजच्या शेव्हरले कॉर्व्हेटमध्ये पाचशेच्या घरात हॉर्सपॉवर असूनही तिच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली नाही. माझदा एमएक्स-५ च्या मॅन्युअलमध्येही हेच.

ओढायला ताकद लागते तेवढी कुठल्याही गाडीत असते. घोडं पेंड खातं ते दुसरीकडे. मागचं वजन सरळ रेषेत ठेवायचं, उतारावर त्याला अडवायचं, चढावर त्याच्यासकट सुटायचं आणि हे सगळं करताना काही तापू द्यायचं नाही, ही कामं गाडीची लांबी, वजन, चेसी, क्लच आणि रेडिएटर करतात. स्पोर्ट्स कार बनवणाऱ्याने यातली प्रत्येक गोष्ट जाणूनबुजून दुसऱ्याच कामासाठी बेतलेली असते.

कागदावरचे आकडे

ग्लव्ह बॉक्समधून मॅन्युअल काढा. टोइंगचं प्रकरण बहुधा दोन भागांत असतं : बंद पडलेली तुमची गाडी दुसऱ्याने ओढून नेणं आणि तुमच्या गाडीने ट्रेलर ओढणं. या दोन्हींची गल्लत करू नका. बंपरमधलं चौकोनी झाकण उघडून जी कडी आत पेचाने फिरवून बसवतात, ती पहिल्या कामासाठी. तिला दोरखंडाने ट्रेलर बांधलेला मी एकदा डोळ्यांनी पाहिलाय. हसायचं की रडायचं कळलं नाही.

ट्रेलरपुढे ‘शून्य’ किंवा ‘परवानगी नाही’ असेल तर खरं म्हणजे विषय तिथेच संपतो. कारण कंपनीने मंजुरी न दिलेलं काम गाडीकडून करून घेतलं, तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. आकडा दिलेला असेल, तर तो ब्रेकवाल्या ट्रेलरचा की बिनब्रेकच्या, हे बघा. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला भरून ७५० किलोची मर्यादा आहे आणि ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्म्यापेक्षाही तो जड नसावा. म्हणजे १,३०० किलोच्या गाडीला ६५० च. ब्रिटनमधले कॅराव्हॅनवाले नवख्याला ८५ टक्क्यांचा ठोकताळा सांगतात : भरलेला ट्रेलर गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत. ठोकताळा चांगला आहे, पण मंजुरीच्या आकड्याच्या आत राहूनच वापरायचा. शून्याचे पंच्याऐंशी टक्के शून्यच.

मग दाराच्या खांबावरचा स्टिकर. त्यावर गाडीचं भरलेलं कमाल वजन आणि दोन्ही ॲक्सलची मर्यादा असते. समजा दोन सीटच्या गाडीला भार वाहायची मुभा २७० किलो आहे. दोन धडधाकट माणसं १५०, सामान ३०, हिच आणि त्याचं लोखंड २५. उरले ६५. ट्रेलरचा दांडा गाडीवर जो भार टाकतो, तो या ६५ मध्ये बसवायचा. स्पोर्ट्स कारवाल्यांना हे गणित कधी करावंच लागलेलं नसतं, म्हणून इथेच पहिली ठेच लागते.

दांड्यावरचं वजन, आणि मी केलेली चूक

हा भाग नीट वाचा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

ट्रेलरच्या दांड्याचं टोक हिचच्या बॉलवर जे वजन टाकतं, त्याला टंग वेट म्हणतात. ते असावंच लागतं. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, युरोपी ट्रेलर आणि कॅराव्हॅनला साधारण ५ ते ७ टक्के. ते कमी पडलं, म्हणजे ट्रेलरचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या मागे किंवा अगदी वर गेला, की ट्रेलर एका ठरावीक वेगापर्यंत शहाण्यासारखा येतो आणि त्या वेगाच्या वर डोलायला लागतो. वाऱ्याचा एक झोत, रस्त्यातला एक खड्डा, शेजारून गेलेली एक बस, एवढं निमित्त पुरतं. मग प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा.

आता स्पोर्ट्स कारमधली मेख. गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २.४ मीटर आणि हिचचा बॉल मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आहे असं धरा. बॉलवर १०० किलो टेकवले की मागच्या ॲक्सलवर १०० वाढत नाहीत, १५० वाढतात. वरचे पन्नास पुढच्या ॲक्सलवरून उचलले जातात. ज्या चाकांनी वळायचं तीच हलकी होतात. हीच तरफ आता आडवी करा. ट्रेलरने बॉलला बाजूला ढकललं की मागच्या चाकांवर त्याच्या दीडपट जोर येतो आणि पुढची चाकं निम्म्या जोराने उलट दिशेला ढकलली जातात. लांब पिकअपचा व्हीलबेस ३.६ मीटर असेल, तर बॉल तेवढाच मागे असला तरी हा निम्म्याचा हिस्सा एक तृतीयांशावर येतो. आखूड व्हीलबेस वळणात गाडीला जो चपळपणा देतो, तोच ट्रेलरच्या हातात गाडीचं शेपूट देतो.

माझ्या हिचवरच्या पट्टीवर उभ्या भाराची मर्यादा ५० किलो कोरलेली होती. सायकलींचा हिच तो. ट्रेलरमध्ये एक इंजिन आणि गिअरबॉक्स, मिळून २२० किलो, चार टायर आणि हत्यारांची पेटी. पहिल्यांदा भरलं तेव्हा दांडा ९५ किलो दाखवत होता. ९४० च्या ट्रेलरला ९५ म्हणजे अगदी योग्य. पण हिचला ५० च चालतात! मग मी काय शहाणपणा केला? इंजिन पाऊण मीटर मागे सरकवलं. काट्यावर आकडा आला ४०. हिच खूश, मी खूश. ट्रेलरला विचारलंच नाही.

हाच तो सापळा. हलक्या गाडीचा हिच जड दांडा पेलू शकत नाही, म्हणून वजन मागे जातं, आणि वजन मागे गेलं की ट्रेलर डोलतो. दोन्ही बाजूंनी एकदम जमणारं गणित या गाड्यांत नसतंच, ट्रेलर हलका केल्याशिवाय.

ताशी ८८ वर, हलक्या उतारावर, उजवीकडून एक बस पुढे निघाली. बसच्या नाकापुढची हवा आधी बाहेर लोटते आणि बस निम्मी गेली की आत ओढते. सीटखालून कुणीतरी कमरेला हलकेच हिसका दिल्यासारखं वाटलं. आरशात पाहिलं. ट्रेलरचा डावा दिवा दिसला, जो सरळ चालताना दिसायला नको. मग तो गेला आणि उजवा दिसला. मग डावा, या वेळी अर्ध्या ट्रेलरसकट. दोन दिव्यांमध्ये एखादा सेकंद. मी स्टिअरिंगने त्याला उत्तर द्यायला गेलो आणि माझं प्रत्येक उत्तर अर्धा झोका उशिरा पोचत होतं. मग ब्रेक दाबला. पुढे गाडी डोकं खाली घालून थांबू पाहतेय आणि मागून ९४० किलो तिला तिरपं ढकलतायत. गाडी रस्त्याला आडवी होऊन कडेच्या खडीत थांबली तेव्हा ट्रेलरचं एक टायर रिममधून निघालं होतं आणि ट्रेलरमधलं इंजिन बांधलेल्या पट्ट्यांतला एक तुटला होता. रस्ता रिकामा होता, म्हणून हे लिहितोय. ते अंड्याच्या आकाराचं भोक त्या पाच-सात सेकंदांत झालंय.

दांड्याचं वजन घरी कसं मोजायचं

माणसं मोजायचा साधा काटा चालतो. ट्रेलर सपाट जमिनीवर, भरलेला, चाकांना दोन्हीकडून अडण्या, आणि दांडा प्रत्यक्ष हिचच्या उंचीवर. काट्यावर एक लाकडी ठोकळा उभा करून त्यावर कपलर, म्हणजे दांड्याच्या टोकाचा बॉलवर बसणारा भाग, टेकवायचा, पुढचं छोटं चाक उचलून घ्यायचं, आकडा वाचायचा.

वजन काट्याच्या आवाक्याबाहेर असेल तर फळी घ्या. फळीचं एक टोक विटेवर ठेवलेल्या पाइपवर, दुसरं काट्यावर ठेवलेल्या पाइपवर, दोन्ही पाइपांत ९० सेंटिमीटर अंतर. कपलर विटेकडच्या पाइपापासून ३० सेंटिमीटरवर टेकवा. काट्यावर एक तृतीयांश येईल. आधी नुसत्या फळीचा आकडा बघून तो वजा करा आणि उरलेल्याला तिनाने गुणा. पाय दूर ठेवून करा. कपलर घसरला तर काटा जाईलच, पण अंगठा गेला तर तो परत मिळत नाही.

आकडा बरोबर आला म्हणजे झालं, असंही नाही. जड वस्तू ट्रेलरच्या दोन टोकांना, एक अगदी पुढे आणि एक अगदी मागे ठेवली, तर दांड्यावरचं वजन पुस्तकात लिहिल्याइतकं बिनचूक येईल, आणि तरीही तो ट्रेलर एकदा फिरायला लागला की थांबता थांबणार नाही. हातात आडवी काठी धरून दोन्ही टोकांना वजनं बांधा आणि मनगट फिरवून बघा. मग तीच वजनं मुठीजवळ आणून फिरवा. फरक लगेच समजतो. सगळ्यात जड वस्तू ॲक्सलच्या वर आणि जराशी पुढे, खाली, घट्ट आवळून. टोकांना हलकं सामान.

एकूण वजनासाठी मात्र वजनकाट्यावर जा. भरलेला ट्रेलर एकटा, मग जोडलेल्या गाडीचं नुसतं मागचं ॲक्सल. माझा ९४० चा आकडा मला अपघातानंतर कळला. निघताना मी ‘सातशेच्या आसपास असेल’ म्हणत होतो.

हिच आणि तो कशाला लावलाय

हिचच्या पट्टीवर दोन आकडे असतात. एक उभ्या भाराचा, किलोत. दुसरा डी-व्हॅल्यू, म्हणजे हिच किती ओढ झेलू शकतो ते, किलोन्यूटनमध्ये. डी-व्हॅल्यू काढायला गाडीचं आणि ट्रेलरचं कमाल वजन टनांत घ्या, त्यांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज, आणि त्याला ९.८१ ने गुणा. दीड टनाची गाडी आणि १.६ टनांचा ट्रेलर असेल तर उत्तर येतं ७.६ च्या आसपास. पट्टीवरचा आकडा यापेक्षा कमी असेल तर तो हिच या जोडीसाठी नाही.

पण हिच कितीही मजबूत असला तरी प्रश्न उरतोच की तो बोल्टने कशाला आवळलाय. स्पोर्ट्स कारच्या मागे बहुधा पातळ ॲल्युमिनियमचा बीम असतो आणि त्यामागे धडकेत चुरगळण्यासाठीच बनवलेले दोन डबे. चुरगळणं हे त्यांचं काम आहे. त्यांनाच तुम्ही ट्रेलर टांगताय. शिवाय ट्रेलर एका दिशेला एकदा ओढत नाही. प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक गतिरोधकावर तो पुढे-मागे, वर-खाली हिसके देतो. बीमला भोक पाडून बोल्ट घातला असेल तर काही दिवसांनी बंपर उघडून त्या भोकाच्या कडा बघा. रंगाला केसाएवढी चीर दिसली तरी खेळ बंद.

बॉल आणि कपलरचं माप त्यांच्यावर ठोकलेल्या आकड्यात वाचा. युरोपात ५० मिलिमीटर. अमेरिकी मापांत पावणेदोन-दोन इंचांच्या घरात दोन बॉल येतात, ४७.६ आणि ५०.८ मिलिमीटरचे, आणि ५०.८ चा कपलर ४७.६ च्या बॉलवर कुलूप लागल्यासारखा बसतो. पहिल्या मोठ्या खड्ड्यात निघतो. पारख सोपी आहे : कपलर लॉक करून ट्रेलरच्या पुढच्या चाकाने दांडा उचला. गाडीची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर वर आली तर पकड आहे. नंतर साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे दांडा सुटलाच तर जमिनीत न घुसता त्यांच्या झोळीत पडेल. ट्रेलरला ब्रेक असतील तर ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक ओढणारी तार, वेगळी, गाडीच्या पक्क्या जागी.

उंचीचाही घोळ होतो. युरोपी मापात बॉलचा मध्य जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटरवर हवा. बुटक्या गाडीत त्या उंचीवर डिफ्यूझर (बंपरखालचा हवा वळवणारा भाग) आणि सायलेन्सर असतो. माझ्या गाडीचे एक्झॉस्ट मधोमध होते आणि लायटिंगचा प्लग त्यांच्यापासून वीतभर. एका चढानंतर प्लगचं झाकण उघडायला गेलो तर ते मेणासारखं बोटाला चिकटलं.

चढ : क्लचची परीक्षा

ट्रेलर ओढण्यासाठीच बनवलेल्या गाड्यांची परीक्षा काय असते ते ऐका, म्हणजे आपली गाडी कुठे बसते ते कळेल. अमेरिकेत एसएई जे२८०७ नावाचं मानक आहे. त्यात १२ टक्क्यांच्या चढावर पूर्ण भारासह पाच मिनिटांत पाचदा थांबून सुटावं लागतं, आणि मग तेच रिव्हर्समध्ये. शिवाय ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढाचं उदाहरण घेऊन बेतलेली जवळपास १८ किलोमीटरची चढण, ३८ अंश किंवा त्याहून जास्त उष्म्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, आणि साध्या पिकअपचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये.

स्पोर्ट्स कारचा पहिला गिअर उंच असतो, काहींचा तर रेड लाइनला, म्हणजे इंजिनाच्या कमाल फेऱ्यांवर, ताशी ६०-७० पर्यंत जातो. त्यामुळे जागेवरून सुटताना क्लच जास्त वेळ घसरतो. सपाटीवरसुद्धा एकूण वजन दुप्पट झालं की क्लचमध्ये जिरणारी उष्णता निदान दुप्पट. चढावर तर त्याच्या पुढे. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे साध्या ऑटोमॅटिक, गाडीत ती उष्णता तेलात जाते आणि कूलर ती बाहेर टाकतो. कोरड्या क्लच प्लेटला असा कुणी वाली नसतो. चढावर तिसऱ्या-चौथ्यांदा सुटताना तो ओळखीचा जळका वास आला की थांबा, दहा-पंधरा मिनिटं. वास गेला म्हणजे क्लच बरा झाला असं समजू नका, फ्लायव्हीलवर निळे डाग तसेच राहतात. ड्युअल क्लच गिअरबॉक्सवाल्यांनी रहदारीत इंचाइंचाने सरकायचं टाळावं. पुढे जागा होऊ द्यायची, मग एकदम मोकळं निघायचं. ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी चढावर तोलून धरणं म्हणजे क्लचची चिताच.

टेंपरेचर गेजच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा काटा मुद्दाम मधोमध खिळवून ठेवलेला असतो, तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. तेलाचं तापमान दिसत असेल तर ते बघा. या गाड्यांचं कूलिंग वेगाने येणाऱ्या हवेवर बेतलेलं. ताशी चाळीसने पूर्ण भार ओढताना ती हवाच नसते. एसी बंद, हीटर पूर्ण, खिडक्या उघड्या. उकडेल, पण इंजिन वाचेल.

उतार

साध्या आकड्यात सांगतो. दीड टनाची गाडी ताशी ९० वरून थांबवायला ब्रेकना सुमारे ४७० किलोज्यूल गिळावे लागतात. मागे बिनब्रेकचा १.६ टनांचा ट्रेलर असेल तर सुमारे ९७०. जवळपास तीन लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता, एका थांब्यात. आणि हा एक थांबा झाला. सहा टक्क्यांच्या उतारावर ही जोडी ताशी ६० ने नुसती स्थिर ठेवायची, तरी दर सेकंदाला गुरुत्व सुमारे ३० किलोज्यूल देत राहतं. हवेचा आणि चाकांचा अडथळा त्यातले थोडे खातो, बाकीचे इंजिन ब्रेकिंगने आणि ब्रेकने खायचे. मोठ्या डिस्क आणि सहा पिस्टनचे कॅलिपर आहेत म्हणून निर्धास्त असाल, तर ते गाडीपुरते. तुम्ही ट्रॅकचे पॅड टाकले असतील तर ते थंड असताना धड धरतही नाहीत.

गिअर उताराच्या माथ्यावरच खाली घ्या, मध्यावर पोचल्यावर नाही. ब्रेक सतत घासत ठेवू नका. दाबून वेग दहा-पंधराने उतरवा आणि सोडा. ट्रेलरला ओव्हररन ब्रेक असतील, म्हणजे ट्रेलर पुढे रेटला की आपोआप लागणारे, तर ते लांब उतारावर सतत लागलेलेच राहतात. मधे थांबून त्यांना निववा. पाणी ओतू नका. वळणात ब्रेक तर अजिबात नको. मागचं वजन तिरपं ढकलतं आणि मागच्या ड्राइव्हची हलकी गाडी कोयतीसारखी घडी घालते.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल थोडक्यात. नव्या गाड्यांच्या ईएसपीत, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेत, ट्रेलर डोलायला लागला की एकेका चाकाला आलटून-पालटून ब्रेक लावून आणि इंजिनाची ताकद कमी करून झोका मारण्याची सोय असते. पण ती बहुतेक ठिकाणी ट्रेलरचा प्लग कंपनीच्या मॉड्यूलला जोडला तरच जागी होते. बाहेरून हिच बसवून दिव्यांच्या वायरी सोलून जोडल्या असतील तर गाडीला मागे काही आहे हेच माहीत नसतं. वर रिव्हर्स घेताना सेन्सर ट्रेलरलाच भिंत समजून ब्रेक लावतात.

डोलायला लागलाच तर

पाय ॲक्सिलरेटरवरून उचला. स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, घट्ट, आणि झोक्याला उत्तर देऊ नका. जोराचा ब्रेक नको. ‘वेग वाढवून ट्रेलर ताणून घ्यायचा’ हा सल्ला देणारे भेटतील. एखाद्या वेळी जमल्यासारखं वाटतं, पण झोका ज्या वेगात सुरू झाला त्याच्याही वर तुम्ही गेलेले असता, आणि उतार असेल तर परतीची वाटच नाही. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आणि डॅशबोर्डवर कंट्रोलर असेल तर त्याचा हाताचा खटका दाबा. फक्त ट्रेलरचे ब्रेक लागले की तो मागून ताणला जातो आणि सरळ होतो. थांबल्यावर तसंच पुढे निघू नका. सामान पुढे घ्या, टायरची हवा तपासा, आणि ज्या वेगाला तो डोलला त्याच्या बऱ्याच खाली राहा. जर्मनीत ट्रेलरसह महामार्गावर सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० आहे, वेगळी मंजुरी असेल तर १००. तीही ट्रेलरसाठी बनलेल्या गाड्यांना.

टायरचा एक मुद्दा राहिला. साइडवॉलवर ९१ लिहिलं असेल तर एका टायरची मर्यादा ६१५ किलो. पण मागची बाजू बसली की बऱ्याच स्पोर्ट्स कारच्या चाकांचा माथा आतल्या बाजूला झुकतो आणि सगळा भार टायरच्या आतल्या कडेवर येतो. बाहेरून टायर नवाकोरा दिसतो, आतून तारा दिसायला लागलेल्या असतात. वाकून हात फिरवून बघा. ट्रेलरचे टायर तर झिजण्याआधी म्हातारे होतात. साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. सहा-सात वर्षांच्या पुढचं टायर मी लावत नाही, नक्षी कितीही शाबूत असो.

मग काय करायचं? तुमच्या गाडीला मंजुरी असेल तर टायर आणि हत्यारांपुरता छोटा ट्रेलर ठेवा, भरून तीन-साडेतीनशे किलोच्या आत. त्याच्या वर काही असेल तर भाड्याने पिकअप घ्या, किंवा स्पोर्ट्स कारच उचलून मोठ्या गाडीच्या ट्रेलरवर चढवा. मी आता एका जुन्या स्टेशन वॅगनमागे ट्रेलर लावतो. ती दिसायला डबा आहे. लांब डबा.

आणि कुठलीही जोडी असो, निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर पहिला थांबा. ट्रेलरच्या दोन्ही हबना आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा, मग टेकवा. दोन्ही सारखेच कोमट हवेत. एकच चटका देत असेल तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक अडकलाय. नट पुन्हा पान्याने आवळा, पट्टे ओढून बघा, कारण सामान पहिल्या दहा किलोमीटरमध्ये बसतं आणि पट्टे तेवढेच सैल होतात.